भाताच्या पानातला हॅकर

पेणचे गणपती, रोह्याचा मुक्काम आणि कोलाडचं राफ्टिंग... वीकएंडचा प्लॅन एकदम सॉल्लिड होता. पण रविवारी सकाळी मित्राच्या शेतातल्या एका पानाने आमचं सगळं टाइमटेबल बिघडवलं. रोपाच्या आत शिरून त्याच्याचकडून स्वतःची कामं करून घेणाऱ्या एका जिवाणूची ही गोष्ट.

ऑगस्टमधला शनिवार. लॅपटॉप कपाटात कोंडले, फोन सायलेंटवर टाकले आणि आम्ही चौघं निघालो. पहिला स्टॉप पेण. गणपती तोंडावर आलेले, त्यामुळे कारखान्या-कारखान्यांतून मूर्तींच्या रांगा लागलेल्या. कुणाचे डोळे रंगवायचे बाकी, कुणाचं सोवळं. मूर्ती बघून झाल्या, पोहे-पापडाची खरेदी झाली, वडखळ नाक्यावरचं ट्रॅफिक नेहमीप्रमाणे पदरात पडलं आणि नागोठणं मागे टाकत संध्याकाळी रोह्याला पोचलो. मुक्काम ऑफिसातल्या एका दोस्ताच्या घरी. काकूंनी तांदळाची गरमागरम भाकरी पुढे केली आणि शहर एकदम शंभर मैल लांब गेल्यासारखं वाटलं.

रविवारी सकाळी लवकर उठून मी शेतावर गेलो. कारण एकच, फोटो! रात्री पाऊस नव्हता. गुडघाभर भात, प्रत्येक पात्याच्या टोकाला आणि कडेला टपोरा थेंब, त्यात कोवळं ऊन. क्लिक, क्लिक, क्लिक. कॅप्शनही डोक्यात तयार होती : दवबिंदू.

मागून काका आले. मी फोटो दाखवला. ते हसले. म्हणाले, ‘‘अरे, हे दव नाही. भात रात्री पाणी टाकतो, त्याचे थेंब हे.’’ मग दोन पावलं पुढे गेले, वाकले, एक पान तोडून माझ्या हातात दिलं आणि त्यांचं हसू गेलं. ‘‘याचा काढ फोटो.’’

पानाची कड शेंड्यापासून खालपर्यंत पिवळी पडली होती. सरळ नाही, नागमोडी. मध्ये हिरवं, कडेला वाळलेल्या पेंढ्याचा रंग. अशी पानं एका कोपऱ्यात बरीच होती.

चहाच्या ग्लासातली टेस्ट

घरी आल्यावर काकांनी काकूंकडून काचेचा एक स्वच्छ ग्लास मागवला आणि त्यात पाणी भरलं. पानाचा पिवळ्या-हिरव्या सीमेवरचा तुकडा कात्रीने कापला आणि ग्लासात उभा सोडला. आम्ही चौघं डोळे फाडून बघत होतो. काही मिनिटांतच कापलेल्या टोकातून दुधाळ धुरासारखी एक बारीक रेघ पाण्यात उतरायला लागली.

‘‘हे काय आहे?’’

‘‘जिवाणू,’’ काका म्हणाले. ‘‘कडा करपा.’’

त्या रेघेत लाखो जिवाणू होते. त्यांचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे, झँथोमोनास ओरायझी. पाठ करायची गरज नाही. पण हा पाहुणा आपल्या जिल्ह्याला नवा नाही, हे मात्र लक्षात ठेवा. जपानमध्ये क्यूशू बेटावरच्या शेतकऱ्यांना हा रोग १८८४ मध्येच दिसला होता. भारतात त्याची पहिली नोंद आहे १९५१ सालची आणि जिल्हा कुठला? कुलाबा. म्हणजे आजचा रायगड! (१९८१ मध्ये नाव बदललं.) १९५९ मध्ये एम. सी. श्रीनिवासन, एम. जे. तिरुमलाचार आणि एम. के. पटेल यांनी या रोगाबद्दल शास्त्रीय निबंध लिहिला, तोही महाराष्ट्रातल्या भातावरूनच. पुढे १९६३ मध्ये बिहारच्या शहाबाद जिल्ह्यात याच रोगाची मोठी साथ आली आणि देशभरातले भातशास्त्रज्ञ खडबडून जागे झाले.

आपण ज्या हायवेने राफ्टिंगला जातो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या जिल्ह्याला भारतीय शेतीच्या इतिहासात अशी एक जागा आहे. कुणी सांगतच नाही!

मागच्या दाराने एंट्री

आता त्या थेंबाकडे परत येऊ. भाताच्या पानाच्या कडेला बारीक छिद्रं असतात. रात्री हवा दमट असते, मुळं पाणी ओढतच असतात आणि जास्तीचं पाणी या छिद्रांतून बाहेर पडतं. सकाळी ऊन वाढलं, की त्यातलं थोडं पाणी पान परत आत खेचून घेतं. त्या थेंबात कडा करप्याचे जिवाणू पोहत असतील, तर तेही पाण्याबरोबर आत. वॉचमन नाही, रजिस्टर नाही, थेट एंट्री!

दुसरा रस्ता जखमेचा. वादळी पावसात पानं एकमेकांवर घासतात, फाटतात. आणि लावणीच्या वेळी आपणच केलेल्या जखमा आहेतच. यंदा पावसाने ओढ दिली म्हणून काकांची लावणी लांबली, आवणातली रोपं उंच झाली आणि मूठ बांधताना शेंडे कापले गेले. सोपं पडतं म्हणून पूर्वीपासून असंच करतात. पण एक रोगट शेंडा कापलेला विळा पुढच्या शंभर रोपांना जिवाणू वाटत जातो, हे कुणाच्या लक्षात येणार?

लहान रोपात जिवाणू असे घुसले, तर पानं गुंडाळून अख्खं रोपच माना टाकतं. या अवस्थेला जगभरात ‘क्रेसेक’ म्हणतात, शब्द इंडोनेशियातला आहे. मोठ्या रोपात पानं कडेने करपत जातात. हिरवा भाग कमी झाला, की अन्न कमी तयार होतं आणि लोंबी येते ती अर्धी पळींज घेऊन. साधारण २० ते ३० टक्के नुकसान होतं. साथ जोराची असेल तर अर्धं पीक जातं.

स्विचबोर्डवर कब्जा

इथपर्यंत ही नेहमीची रोगाची गोष्ट वाटेल. जिवाणू आला, त्याने पान खाल्लं, पान मेलं. पण खरा फंडा वेगळाच आहे, आणि तो समजायला २००६ ते २०१० उजाडलं.

पानात दोन प्रकारचे पाइप असतात. एकातून मुळांकडून पाणी वर येतं, दुसऱ्यातून पानात तयार झालेली साखर बाकीच्या रोपाकडे जाते. आपला जिवाणू राहतो पाण्याच्या पाइपमध्ये. म्हणजे राहायला वन बीएचके मिळालं, पण किचन रिकामं! पाण्यात साखर नावापुरती. मग तो जगतो कशावर?

तो रोपालाच ऑर्डर देतो. जिवाणूकडे सूक्ष्म सुई असते. तिच्यातून तो पेशीत काही प्रथिनं टोचतो. ही प्रथिनं थेट पेशीच्या केंद्रकात, जिथे रोपाचा डीएनए असतो, तिथे पोचतात. प्रत्येक जनुकाच्या आधी एक स्विच असतो. ते जनुक कधी चालू करायचं आणि कधी बंद, हे त्यावरून ठरतं. जिवाणूचं प्रथिन बरोबर हव्या त्या स्विचवर जाऊन बसतं आणि तो दाबतं.

दाबतं कुठला? साखरेची दारं बनवणाऱ्या जनुकाचा. या जनुकांच्या कुटुंबाचं नावच ‘स्वीट’ आहे. रोपाला ही दारं लागतातच. परागकण तयार होताना, दाणा भरताना साखर एका पेशीतून दुसरीकडे पोचवायची असते. पण ती योग्य जागी, योग्य वेळी. जिवाणू ही दारं भलत्या वेळी, पानातच उघडायला लावतो. साखर पेशीबाहेर सांडते, पाण्याच्या पाइपपर्यंत पोचते आणि आतल्या भाडेकरूची पार्टी सुरू होते.

आहे ना डोकं? त्याने दरवाजा फोडला नाही. मालकाच्याच आवाजात फोन केला आणि मालकाच्याच नोकराने आतून कडी काढली.

आणि बिचाऱ्या रोपाला वाटतंय, की आपण आपलंच काम करतोय!

२००९ मध्ये जर्मनी आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी एकाच वेळी या प्रथिनांची लिपी उलगडली. प्रथिनात एकसारखे तुकडे ओळीने असतात आणि प्रत्येक तुकडा डीएनएचं एक अक्षर ओळखतो. बारकोडसारखं. लिपी कळली, तशी माणसालाही ती वापरता यायला लागली. या प्रथिनांचा अभ्यास करता करता जनुकं कापण्याचं एक नवं हत्यार तयार झालं आणि २०१५ मध्ये लंडनच्या एका हॉस्पिटलमध्ये ल्युकेमिया झालेल्या एका वर्षाच्या मुलीवर त्याने बदललेल्या पेशी वापरून उपचार झाले. भाताचं आणि मिरचीचं पान करपवणाऱ्या जिवाणूंच्या कुळाकडून माणूस एवढं शिकला.

कुंडीतली झोंबी

असे उद्योग करणारा हा एकटाच नाही. परसातलं वांगं कधीतरी अचानक विचित्र वागायला लागतं. पानं बारीक बारीक, झुपक्यांनी आलेली. फुलाच्या जागी हिरवी पानंच. फळाचं नाव नाही. याला पर्णगुच्छ म्हणतात. यामागे फायटोप्लाझ्मा नावाचे जिवाणू असतात, तुडतुड्यांबरोबर एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाणारे. १९६७ पर्यंत अशा रोगांमागे व्हायरस असेल, असंच शास्त्रज्ञ धरून चालले होते. जपानी संशोधकांनी त्या वर्षी खरा आरोपी पकडला.

फायटोप्लाझ्माचं एक प्रथिन तर फूल घडवणारी यंत्रणाच मोडून टाकतं, म्हणून फुलाचं पान होतं. झाडाला बी धरत नाही, पुढची पिढी नाही. ते फक्त हिरवं राहतं, फुटत राहतं आणि तुडतुड्यांना बोलवत राहतं. म्हणजे झाड जिवंत आहे, पण जगतंय दुसऱ्यासाठी. इंग्लंडमधल्या संशोधकांनी अशा झाडांना ‘झोंबी’ म्हटलं, ते उगाच नाही.

यातला एक झोंबी तुम्ही ऑफिसात पाहिलाय! डिसेंबरमध्ये रिसेप्शनवर लाल पानांचं ते ख्रिसमसचं झाड ठेवतात ना, पॉइन्सेटिया? ते मुळात उंच, किडकिडीत वाढणारं झुडूप. कुंडीत ते बुटकं, भरगच्च, फांद्याफांद्यांचं दिसतं, कारण त्याच्यात मुद्दाम फायटोप्लाझ्मा ठेवलेला असतो. १९९७ मध्ये हे सिद्ध झालं. म्हणजे एका झाडाचा रोग हीच त्याची फॅशन!

भाताच्या नशिबात मात्र असलं ग्लॅमर नाही.

कुलूप बदललेला भात

ग्लासातली रेघ आता पूर्ण पसरली होती. पाणी गढूळ झालं होतं. दोस्त गप्प होता. त्याचा मोठा भाऊ पनवेलला असतो आणि दर दिवाळीला एकच विषय काढतो : जमीन काढून टाकू. प्लॉटिंगवाल्यांचे फोन येतातच. काका दर वेळी म्हणतात, घरचा तांदूळ निघतोय तोवर नाही. आता त्या ‘निघतोय’मध्येच जिवाणू शिरला होता.

‘‘बाबा, फवारणी करायची ना?’’ दोस्ताने विचारलं.

‘‘पानाच्या आतल्या पाइपात आहे तो. वरून किती मारशील?’’

मुद्दा खरा आहे. या रोगावर स्ट्रेप्टोमायसिनसारखी अँटिबायोटिक्स वर्षानुवर्षं मारली गेली. पण जिवाणू आत असल्याने गुण बेताचाच येतो. आणि स्ट्रेप्टोमायसिन हे माणसाच्या टीबीवरचंही औषध आहे. शेतात ते मनसोक्त वापरायचं आणि मग औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढले म्हणून हॉस्पिटलात डोक्याला हात लावायचा, हे काही शहाणपणाचं नाही.

खरा इलाज बियाण्यात आहे. आणि तो ऐकला, की स्विचची गोष्ट पूर्ण होते. आपल्याकडच्या बीजे-१ नावाच्या जुन्या भातात शास्त्रज्ञांना एक गंमत सापडली. त्याच्या ‘स्वीट’ जनुकात काही बिघाड नाही. साखरेची दारं व्यवस्थित बनतात, दाणा व्यवस्थित भरतो. फक्त जनुकापुढच्या स्विचची अक्षरं थोडी वेगळी आहेत. जिवाणूचं प्रथिन येतं, बारकोड स्कॅन करतं आणि... नो मॅच! कुलूप बदललंय, जुनी किल्ली चालत नाही. जिवाणू उपाशी. मात्र हा गुण आई आणि बाप दोन्हीकडून आला, तरच लागू पडतो.

दुसरा गुण मिळाला आफ्रिकेतल्या माली देशातल्या रानटी भाताकडून. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पामेला रोनाल्ड यांच्या गटाने त्याचं जनुक वेगळं काढलं. हे जनुक वॉचमनसारखं आहे. जिवाणूला पेशीच्या बाहेरच ओळखतं आणि शिट्टी फुंकतं.

हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने आणि सीसीएमबीने हे दोन आणि आणखी एक, अशी तीन जनुकं नेहमीच्या संकराने सांबा महसुरीत आणली. २००८ मध्ये ‘सुधारित सांबा महसुरी’ शेतकऱ्यांपर्यंत पोचली. एकाऐवजी तीन का? कारण जिवाणूही नवी किल्ली बनवतो. तीन कुलुपं एकाच वेळी उघडणं त्याला जड जातं. आणि डाएटवाल्यांसाठी बोनस न्यूज : या तांदळाचा ग्लायसेमिक इंडेक्स ५० च्या आसपास आहे, म्हणजे कमी! २०१९ मध्ये तर शास्त्रज्ञांनी तीन ‘स्वीट’ जनुकांचे स्विच प्रयोगशाळेत मुद्दाम बदलून दाखवले आणि भात रोगाला दाद देईना.

म्हणून उद्या काकांनी सांबा महसुरी आणून पेरावी का? इतकं सोपं नाही. ते तिकडच्या जमिनीचं, तिकडच्या हंगामाचं वाण. ते जवळजवळ पाच महिने घेतं. कोकणातला पाऊस त्याच्यासाठी थांबणार आहे थोडाच? पेणच्या खारेपाटात तर आणखी वेगळं प्रकरण. तिथे भाताचं भांडण आधीच खाऱ्या पाण्याशी चालू असतं. तिथल्यासाठी पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने वेगळी वाणं काढली. प्रत्येक मातीचा भात वेगळा असतो. जिल्ह्यात कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे, ते याचसाठी. आपल्या शेतात काय चालेल, ते तिथे विचारायचं.

काकांची चेकलिस्ट

तुमचंही गावी शेत असेल (आणि निम्म्या ऑफिसचं असतंच!), तर फोनवर घरी हे नक्की सांगा.

• कड नागमोडी पिवळी पडतेय? आधी ग्लासातली टेस्ट करा. दुधाळ रेघ उतरली, तर कडा करपा. डोळ्याच्या आकाराचे ठिपके असतील, तर तो बुरशीचा करपा. दोघांची औषधं वेगळी. उगाच बुरशीनाशकावर पैसे घालवू नका.

• पान पिवळं दिसलं, की युरिया टाकायचा मोह होतो. थांबा! जास्त नत्राने पान लुसलुशीत होतं आणि रोग जोरात वाढतो. युरिया हप्त्याहप्त्याने आणि रोग असताना नाहीच.

• रोगट खाचरातलं पाणी शेजारच्या खाचरात सोडू नका. शक्य असेल तर निचरा करा.

• लावणीला शेंडे कापू नका.

• जिवाणू धसकटात आणि बांधावरच्या गवतातही तग धरतो. कापणीनंतर दोन्ही साफ करा. रोगट शेतातलं बियाणं पुढच्या वर्षी वापरू नका.

आणि राफ्टिंग?

राहिलंच! कोलाडला पाणी सुटतं सकाळी. भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सोडलेल्या पाण्यावर कुंडलिकेत बोटी चालतात आणि ते आमच्यासाठी थांबणार नव्हतं. नऊ वाजता आम्ही चौघं काकांबरोबर त्या कोपऱ्यातल्या खाचरात होतो. काकांनी बांध फोडून पाणी ओहोळाकडे काढलं, शेजारच्या खाचराकडे जाणारी वाट चिखलाने बुजवली. खतासाठी आणलेली युरियाची गोणी परत पडवीत गेली. आमचे शूज चिखलात गेले, फोटो एकही निघाला नाही.

निघताना काकूंनी तांदळाची एक पिशवी गाडीत ठेवली. ‘‘गेल्या वर्षीचा आहे, घरचा. यंदाचं काय ते बघू.’’

दोस्ताने मात्र एक वेगळी पिशवी घेतली. त्यात होती वर्तमानपत्रात गुंडाळलेली आठ-दहा पानं. सोमवारी सकाळी त्याचा बॉसला मेसेज गेला : आज सुट्टी, अर्जंट काम. कर्जतच्या लोकलमध्ये बसून त्याने ग्रुपवर एक फोटो टाकला. मीच काढलेला, थेंबाचा. खाली कॅप्शन होती : दव नाही.